रजतकाच व तिचे मणी : नेरीच्या ‘काल्चेदोनिओ’ कृतींचा विचार

फ्लॉरेन्स येथील आंतोनिओ नेरी या धर्मोपदेशकाचा ‘लार्ते वेत्रारिआ’ म्हणजे ‘काचकला’ हा ग्रंथ इ. स. १६१२ सालीं छापून निघाला. केवळ काचेच्याच कृतींना वाहिलेला हा पहिला छापील ग्रंथ होय. त्याचे सात भाग असून प्रकरणें १३३ आहेत. दुसऱ्या भागांत ‘काल्चेदोनिओ’ नांवाची, अकीकाच्या दगडासारखी दिसणारी काच करण्याच्या तीन कृति लागोपाठ दिल्या आहेत. या कृतींत धातूंची एवढी गर्दी आहे कीं, वाचणाराचें लक्ष तांबें, लोखंड, मँगॅनीज व कोबाल्ट या उघडउघड रंग देणाऱ्या द्रव्यांकडे जातें. आणि तेजाबांत विरघळविलेलें रुपें हा त्या काळच्या किमयागारांच्या नादाचा अवशेष समजून बाजूस पडतें. आमच्या मतें हा अर्थ उलटा आहे. काल्चेदोनिओचा जीव रुप्यांत आहे, इतर धातु त्याची पार्श्वभूमि तयार करितात. आणि त्या रुप्यास जागें करणारी जी क्रिया, ती कृतीच्या यादींत नसून कारागिराच्या हातांत व ज्योतींत आहे. जुन्या कृतींचीं बाडें जमविणारांस हा विषय परका वाटूं नये. आपल्याकडील बाडांतूनही शाईच्या, बंदुकीच्या दारूच्या, धातूंच्या भस्मांच्या कृति आढळतात, आणि तेथेंही द्रव्यांची यादी म्हणजेच कृति असें समजण्याची चूक सहज घडते.

प्रथम ज्या दगडाचें हें सोंग, त्याविषयीं दोन शब्द. अकीक हा गारेच्याच जातीचा दगड. लाव्हारसाच्या खडकांतील पोकळ्यांमध्यें सिलिका थराथरानें सांचून तो बनतो. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडांत अशा पोकळ्या विपुल आहेत. ते खडक झिजून जे गोटे नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांत सांचले, तेच रतनपुराजवळच्या खाणींतून काढून खंबायतेस नेत व तेथें त्यांचे मणी, अंगठीचे खडे व मुठी घडवीत. पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा यानें सोळाव्या शतकाच्या आरंभीं लिमोदरा गांवच्या या दगडांची व खंबायतच्या कारागिरांची हकीकत दिली आहे. युरोपांतही जर्मनींतील इदार-ओबरश्टाइन येथें अकीक निघे, म्हणून व्हेनिसच्या कारागिरांपुढें दख्खनचाच दगड होता असा हट्ट धरण्याचें कारण नाहीं. एवढें खरें कीं, पट्टेदार दगडास तेव्हां मोठें मोल होतें व काचेंत त्याची नक्कल साधणें हें कसबाचें शिखर मानलें जाई.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें इ. स. १२९१ सालीं काचेच्या भट्ट्या शहरांतून मुरानो बेटावर हलविल्या. आगीची भीति हें त्याचें कारण. पुढें त्या बेटावर काचेच्या कृति घराण्याघराण्यांत गुप्त राहिल्या. काल्चेदोनिओ तेथें पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊं लागली आणि इ. स. १५०० च्या सुमाराचीं तिचीं भांडीं युरोपांतील संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. गुप्तता कितीही पाळली तरी कागद फुटतोच. मुरानोंतून मिळविलेल्या रंगीत काचांच्या कृतींचें १५३६ सालचें एक बाड फ्रान्समध्यें मॉन्पेलिए येथें आहे. जिओव्हान्नी दार्दुइन या मुरानोच्या काचकारानें १६४४ सालीं लिहिलेली वही व्हेनिसच्या दप्तरखान्यांत राहिली व लुइजी झेक्किन यानें ती १९८६ सालीं संपादून छापली. स्वतः नेरीचें ‘जगाचा खजिना’ अशा अर्थाच्या नांवाचें एक सचित्र हस्तलिखित ग्लासगो विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. तें त्यानें १५९८ ते १६०० च्या दरम्यान, म्हणजे विशी नुकतीच ओलांडली असतां, तयार केलें. त्यांत खाणी, भट्ट्या व धातुक्रिया यांचीं चित्रें आहेत. नेरी हा काचकारांच्या कुळांतला नव्हता, रसायनाच्या वाटेनें काचेकडे आला होता, हें त्यावरून दिसतें; आणि त्याच्या कृतींत तेजाब व पारा यांचा सुळसुळाट कां, याचाही उलगडा होतो.

आतां मूळ कृति. तपशील तिन्ही ठिकाणीं निरनिराळा आहे, परंतु सांगाडा एकच. रुपें तेजाबांत, म्हणजे नत्राम्लांत, विरघळवावें. पारा वेगळा विरघळवावा. नवसागराचा उपयोग करावा. मग तांब्याचें व लोखंडाचें भस्म, मँगॅनीज, कोबाल्टयुक्त ‘झाफ्फेरा’ इत्यादि द्रव्यें मिळवून, मंद आंचेवर पातळ भाग उडवून देऊन, कोरडी पूड करावी. ही पूड वितळलेल्या काचेंत थोडीथोडी घालून ढवळावी. काच नव्या मिश्रणाची नको, चांगल्या फुटक्या भांड्यांची हवी, असें नेरी बजावतो. शेवटीं जाळलेला टार्टर (द्राक्षमद्याच्या पिंपांत सांचणारा क्षार), सिरक्यानें केलेलें लोखंडाचें भस्म आणि धुराड्यांतील काजळी हीं एकत्र करून हप्त्याहप्त्यानें घालावीं. त्या वेळीं काच फुगून वर येते म्हणून सावध राहावें.

या सगळ्या यादींत काजळी हा शब्द आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काजळी म्हणजे कोळसा. ती काचेस कोणताही सुंदर रंग देत नाहीं. तिचें काम निराळें आहे. वितळलेल्या काचेंत रुपें धातुरूपानें नसतें, विरघळलेल्या आयनांच्या रूपानें असतें, आणि त्या स्थितींत तें जवळजवळ रंगहीन असतें. काजळी, टार्टर वगैरे द्रव्यें ऑक्सिजन ओढून घेतात, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेंत क्षपण करितात, आणि मग रुप्याचे परमाणु धातुरूपानें सुटे होऊन एकमेकांस चिकटूं लागतात. हे कण अतिसूक्ष्म, कांहीं नॅनोमीटरांपासून कांहीं दशक नॅनोमीटरांपर्यंतचे असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लहान कण प्रकाशांतील जांभळा-निळा भाग शोषून घेतात व काच पिंवळी दिसते. कण वाढले किंवा त्यांचा आकार बदलला कीं शोषणाचा पट्टाही सरकतो, शिवाय ते प्रकाश विखरूं लागतात. म्हणून एकच काच वरून पाहतां निळसर-हिरवट व उजेडापुढें धरतां तांबूस दिसते. काल्चेदोनिओच्या भांड्यांचा हा तर प्रसिद्ध गुण. अर्थात् क्षपणानें तांबेंही लाल रंग देतें, तेव्हां एकट्या तांबूस छटेवरून निकाल देणें बरोबर होणार नाहीं. परंतु एकाच तुकड्यांत पिंवळे, निळे व दुधी पट्टे शेजारीं शेजारीं उमटणें आणि उजेडाच्या दिशेप्रमाणें त्यांनीं पालटणें, हें रुप्याच्या कणांशींच नीट जुळतें.

रुप्याचा हा गुण नेरीच्या आधीं फार पूर्वीं हातीं लागला होता. ब्रिटिश म्यूझियममध्यें असलेला, इसवी सनाच्या चवथ्या शतकांतला ‘लायकर्गस’ नांवाचा रोमन चषक वरून हिरवा व आंतून उजेड दिल्यास लाल दिसतो. इ. स. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणांत त्याच्या काचेंत रुपें व सोनें यांच्या मिश्रणाचे ५० ते १०० नॅनोमीटरांचे कण आढळले. काचेच्या दहा लाख भागांत रुपें सुमारें ३०० व सोनें सुमारें ४० भाग. फुस्तात येथें, जुन्या कैरोंत, सांपडलेल्या एका झिलईदार काचेच्या पेल्यावर इ. स. ७७३ मध्यें इजिप्तचा सुभेदार असलेल्या अब्द-अस्-समदचें नांव आहे; ती झिलई रुप्याच्या व तांब्याच्या क्षारांची. आणि चौदाव्या शतकाच्या आरंभापासून युरोपांतील चर्चच्या खिडक्यांत जो पिंवळा रंग दिसूं लागतो, तो रुप्याचा लेप काचेवर भाजून आणलेला असे; नॉर्मंडींतील ल मेनिल-व्हिलमां येथील १३१३ सालची खिडकी त्याचा एक जुना पुरावा होय.

येथवर भट्टीची गोष्ट झाली. मण्यांचें काम भट्टीवर नव्हे, दिव्यावर होतें. व्हेनिसमध्यें या कारागिरांस ‘सुपिआलुमे’, म्हणजे दिवा फुंकणारे, म्हणत. सतराव्या शतकांत त्यांची स्वतंत्र श्रेणी झाली. मेजावर तेलाचा किंवा चरबीचा दिवा, मेजाखालीं पायानें चालविण्याचा भाता, भात्याची नळी ज्योतीच्या बुडाशीं. वाऱ्याच्या झोतानें ज्योत आडवी व तीक्ष्ण होते. तींत काचेची कांडी मऊ करून ती धातूच्या तारेवर गुंडाळली कीं मणी झाला. योहान कुंकेल यानें नेरीचा ग्रंथ आपल्या प्रयोगांच्या टीकेसह १६७९ सालीं जर्मन भाषेंत काढला, त्यांत अशा मेजाचें चित्र दिलें आहे. त्याच्या आधीं क्रिस्टोफर मेरेट यानें १६६२ सालीं लंडनला इंग्रजी भाषांतर केलें होतें. मेरेट हा विद्वान टीकाकार, पण भट्टीपुढें घाम गाळलेला नव्हे. दोघांत कुंकेलाच्या टिपाच आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतात.

नेरीस दिव्याचें काम ठाऊक होतें. फ्लॉरेन्सच्या कासिनो वाड्यांत तो १६०१ च्या सुमारास मीनाच्या काचा करीत असतां निक्कोलो लांदामो नांवाचा, ज्योतीवरील कामांत निष्णात असा त्याचा स्नेही तेथें होता. तरीही काल्चेदोनिओच्या प्रकरणांत ज्योतीविषयीं त्यानें लिहिलें तें थोडकेंच: भांडें पुन्हां आंचेंत धरावें म्हणजे लाटा व रंग उमटतात. हें एक वाक्य म्हणजे सगळी कृति आहे. त्याचा विस्तार आज ज्योतीवर रजतकाचेचे मणी करणारे कारागीर दररोज करून दाखवितात, म्हणून त्यांची रीत येथें सांगणें अवश्य आहे.

सध्यां या कामासाठीं रुपें घातलेल्या काचेच्या कांड्या विशेषेंकरून अमेरिकेच्या ओरेगॉन व वॉशिंग्टन संस्थानांत तयार होतात. तेलाच्या दिव्याची जागा प्रोपेन वायु व ऑक्सिजन यांच्या ज्योतीनें घेतली आहे. कांड्या दोन जातींच्या. पहिल्या जातीची काच आधीं इतकी तापवितात कीं तिच्यांतले पूर्वीं जमलेले कण पुन्हां विरून ती स्वच्छ होते. मग मणी ज्योतीबाहेर काढून त्याची लाली जाईपर्यंत निवूं देतात. या वेळीं कणांचीं बीजें पडतात. नंतर ज्योतीच्या दूरच्या, मंद भागांत तो हळूहळू पुन्हां तापवितात. त्या ऊष्म्यांत बीजें वाढतात व पिंवळा, तांबडा, जांभळा, निळा, हिरवा अशा छटा क्रमाक्रमानें येतात. एक फेरी पुरली नाहीं तर दुसरी, तिसरी. ऊब अधिक झाली तर रंग मळकट होऊन सारें पहिल्यापासून करावें लागतें. दुसऱ्या जातीच्या काचेस क्षपणकारी ज्योत लागते: ऑक्सिजन कमी करून ज्योत पिंवळसर केली कीं तिच्यांतील अर्धवट जळालेले वायु मण्याच्या पृष्ठभागांतील रुप्यास धातुरूप देतात आणि कांहीं क्षणांतच मण्यावर मोरपिसासारखी झळाळी चढते. ही झळाळी पृष्ठभागापुरतीच. ती टिकवावयाची तर वरून स्वच्छ काचेचा थर देतात. काळ्या किंवा गडद काचेवर या छटा उठून दिसतात. हस्तिदंती रंगाच्या काचेंत मात्र गंधक असतें; तिजवर रुपें गेलें कीं दोघांचा संयोग होऊन तपकिरी-काळ्या रेषा व कुरळ्या नक्ष्या पडतात. शेवटीं मणी भट्टींत सुमारें ५०० अंश शतमान उष्णतेवर ठेवून सावकाश निववितात, नाहींतर तो तडकतो.

आतां जुन्या तेलदिव्याची ज्योत आठवावी. ती स्वभावतःच काजळीयुक्त, म्हणजे क्षपणकारी. भात्याचा वारा कमीजास्त करणें एवढेंच कारागिराच्या पायांत होतें. आजचा कारागीर जें काम ऑक्सिजनची चावी फिरवून करितो, तेंच सुपिआलुमे पायाच्या दाबानें करीत असे. असें ज्ञान वहींत उतरत नाहीं. पाहून व करून येतें.

काल्चेदोनिओची विद्या नष्ट झाली होती व लोरेंझो रादी यानें मुरानोवर १८५६ सालीं ती पुन्हां शोधून काढली, असें सर्वत्र लिहितात. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचें प्रजासत्ताक बुडालें (१७९७) व तेथील काचधंदा खालावला, त्यांत ही काच बंद पडली, हें खरें. पण नष्ट काय झालें? नेरीचा ग्रंथ लुप्त झाला नव्हता. इंग्रजी, जर्मन व १७५२ सालीं फ्रेंच भाषांतरही होऊन तो युरोपभर पसरला होता. रुपें, तेजाब, काजळी, सर्व छापलेलें होतें. तुटली ती शिकविणाराची व शिकणाराची परंपरा. रादीनें परत मिळविली ती द्रव्यांची यादी नव्हे, तर आंच देण्याची रीत, असें आमचें मत आहे.

आपल्या इकडील मण्यांच्या संग्राहकांस या विवेचनाचा एक प्रत्यक्ष उपयोग आहे. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं मण्यांचा व काचेचा अभ्यास येथें रुजविला. त्यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठानें १९६९ सालीं प्रसिद्ध केला. तरीही संग्रहांत पट्टेदार मणी सांपडला कीं तो डोळे मिटून ‘अकीक’ म्हणून नोंदला जातो. नोंदण्यापूर्वीं तो खिडकीपुढें धरावा. पट्टे वरून निळसर-हिरवट आणि उजेडापुढें तांबूस झाले, तर रजतकाचेचा संशय घ्यावा. भिंगाखालीं बुडबुडे दिसले तर काच निश्चित. मग छिद्र पाहावें. अकीकाचें छिद्र बहुधा दोन्ही तोंडांकडून कोरलेलें असतें व मध्यें जेथें दोन्ही वेज मिळतात तेथें किंचित् पायरी राहते. ज्योतीवर केलेल्या मण्यांत काच छिद्राभोंवतीं गुंडाळल्याच्या वलयरेषा असतात; काच ओढून नळी करून कापलेल्या मण्यांत बुडबुडे छिद्रास समांतर लांबट झालेले असतात. अकीक काचेवर ओरखडा काढतो, काच अकीकावर नाहीं. पण जुन्या मण्यावर हा प्रयोग करूं नये. आणि ज्यांत दोन काचथरांमध्यें रुप्याचा वर्ख घातला आहे, असे प्राचीन मणी रजतकाचेंत गणूं नयेत. त्यांत रुपें वर्खाच्याच रूपांत असतें, काचेंत विरघळत नाहीं. वरचा थर पिंवळसर असल्यास तो वर्ख सोन्याचा भासतो व सोनेरी म्हणून नोंदला जातो.