प्रलेखन, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येते, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. त्याचा वापर, रचना व मर्यादा यांची माहिती लिहून ती अद्ययावत राखणे म्हणजे त्याचे प्रलेखन होय. अशी सॉफ्टवेअरे आरंभी प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या श्रमांतून वाढली. स्वयंसेवक आपल्या आवडीचे काम निवडतो. आज्ञावली लिहिण्याची आवड असणारे पुष्कळ आढळतात. ती दुसऱ्यास समजावून सांगण्याची हौस मात्र थोड्यांनाच असते. त्यामुळे प्रलेखनासाठी स्वतंत्र समन्वयक नेमण्याची रीत पडली. त्याला बहुधा वेतन नसते आणि कोणास आज्ञा करण्याचा अधिकारही नसतो. तरी मजकूर चुकीचा वा शिळा ठरल्यास बोल त्यालाच लागतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. ‘ईमॅक्स’ या संपादकाची पुस्तिका त्यांनी स्वतः लिहिली होती. सॉफ्टवेअर मुक्त आणि त्याची पुस्तिका मात्र निर्बंधित, ही विसंगती त्यांनी पर्ल भाषेच्या पुस्तकांच्या उदाहरणाने दाखवून दिली. पुस्तिकांसाठीचा ग्नू परवाना २००० मध्ये निघाला. त्यात काही भाग अपरिवर्तनीय ठेवण्याची मुभा होती. असे भाग असलेली पुस्तिका मुक्त मानता येणार नाही, असा निर्णय डेबियन प्रकल्पाच्या सदस्यांनी २००६ मध्ये मतदानाने घेतला.

लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस व मायकेल जॉन्सन यांनी लिनक्स प्रलेखन प्रकल्प उभा केला. एकेका कामापुरत्या छोट्या मार्गदर्शिका निरनिराळ्या स्वयंसेवकांनी लिहाव्यात आणि समन्वयकाने त्यांना एकरूपता द्यावी, अशी त्याची पद्धत होती. लिनक्सच्या संदर्भपृष्ठांचा इतिहास याहून बोधक आहे. गाभ्याच्या व सी भाषेच्या कार्यांचे नेमके वर्णन करणाऱ्या या पृष्ठांचा भार अनेक वर्षे एकेका व्यक्तीवर राहिला : आंद्रिस ब्राउअर यांच्यानंतर २००४ पासून मायकेल केरिस्क आणि पुढे आलेहांद्रो कोलोमार. सप्टेंबर २०२४ मध्ये कोलोमार यांनी, विनावेतन हे काम यापुढे शक्य नाही, असे सांगून ते थांबवीत असल्याचे जाहीर केले. जगभरचे उद्योग ज्या पृष्ठांवर विसंबतात, ती एका माणसाच्या फावल्या वेळावर उभी आहेत, हे तेव्हा कुठे अनेकांच्या ध्यानी आले. त्यानंतर काही कंपन्यांनी त्यांच्या कामासाठी द्रव्यसाहाय्य दिले.

भारतीय भाषांत हा प्रश्न दुहेरी होतो. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावी मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास सॉफ्टवेअर विनामूल्य मिळाले, तरी त्याची माहिती इंग्रजीतच असेल, तर ते मिळून न मिळाल्यासारखेच. मुंबईत २००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ हा लिनक्सच्या भारतीयीकरणाचा प्रयत्न आरंभिला. ग्नोमसारख्या प्रकल्पांत प्रत्येक भाषेच्या गटाला स्वयंसेवक समन्वयक असतो. त्याची निवड कामावरून होते. तो निष्क्रिय झाल्यास दुसरा इच्छुक ते पद मागू शकतो. मराठी गटापुढचा मुख्य प्रश्न शब्दांचा होता. एकाने ‘जतन करा’ लिहावे, दुसऱ्याने ‘साठवा’, तिसऱ्याने ‘सेव्ह करा’, तर वाचकास त्या तीन निरनिराळ्या क्रिया वाटाव्यात! याच अडचणीवर पुण्यात रेड हॅटमध्ये २००८ साली राजेश रंजन यांनी ‘फ्यूएल’ प्रकल्प सुरू केला. वारंवार येणाऱ्या शब्दांची सूची भाषकांनी एकत्र बसून ठरवावी, ही त्यामागील कल्पना. अनेकांकडचा मजकूर एकाने मिळवून ताडून पाहावा, हे मराठीला नवे नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा नागदेवाचार्यांच्या सल्ल्याने अशाच जमविल्या होत्या.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम सुरू झाला व त्यास केंद्र शासनाचे अर्थसाहाय्य लाभले. यातील पाठ सुमारे दहा मिनिटांचा असतो. पडद्यावरील क्रिया आणि निवेदन दोन रकान्यांत लिहितात. तज्ञाने तपासलेली संहिता नंतर ते सॉफ्टवेअर मुळीच न जाणणाऱ्या व्यक्तीकडे देतात. ती जेथे अडखळते, तेथे संहिता बदलतात. ही नवख्याची परीक्षा हा या उपक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल, कारण जाणकारास स्वतःच्या लेखनातील गाळलेली पायरी दिसत नाही. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करतात आणि महाजालाची जोडणी नसलेल्या ठिकाणीही पाठ चालविता येतात. पडद्यावरील अक्षरे मात्र इंग्रजीच राहतात. शिवाय सॉफ्टवेअरची आवृत्ती पुढे सरकते व पाठ मागे राहतो. लिब्रेऑफिस रायटरचे आरंभीचे पाठ उबुंटू १०.०४ व लिब्रेऑफिस ३.३.४ यांवर बेतलेले होते. आवृत्ती बदलली, की संहिता, चित्रण व प्रत्येक भाषेतील निवेदन पुन्हा करावे लागते आणि त्यासाठी पुन्हा माणसे शोधावी लागतात.