अकारण वजनघट : निदानाचा इतिहास

वजन कमी करण्याचा हेतू नसताना सहा ते बारा महिन्यांत शरीराचे वजन मूळच्या ५ टक्के वा त्याहून अधिक उतरणे, यास अकारण वजनघट म्हणतात. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीत ही घट ३ किग्रॅ. भरते. अनेक रोगांत आढळणाऱ्या या लक्षणाकडे दीर्घकाळ स्वतंत्र रोग म्हणून पाहिले गेले.

चरकसंहितेत राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली आहेत : साहस (शक्तीबाहेरचे श्रम), वेगसंधारण (नैसर्गिक वेग रोखून धरणे), धातुक्षय आणि विषमाशन (अनियमित आहार). दक्षाच्या शापाने कलेकलेने क्षीण होणाऱ्या चंद्राची कथाही या रोगाशी जोडलेली आहे. मराठीत रूढ झालेल्या ‘क्षय’ या शब्दाचा अर्थच झीज असा आहे. लक्षणाचे नाव रोगास मिळाल्याने खंगलेल्या रोग्यांच्या निरनिराळ्या व्याधी एकाच नावाखाली येण्याचा संभव होता.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला आणि रोगाची ओळख रोग्याच्या बाह्य रूपावरून त्याच्या थुंकीकडे वळली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर फुप्फुसांतील विकृतीही दिसू लागली. तथापि कारण समजणे आणि उपाय सापडणे यांत सु. सहा दशके गेली. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांनी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पुणे येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. जंतू ज्ञात असूनही त्यांना देता येईल असे गुणकारी औषध तेव्हा नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध १९४३ मध्ये लागला.

दरम्यान झिजेची इतर कारणे वेगळी काढली गेली. भरपूर खाऊनही वाळत जाणाऱ्या मधुमेही मुलांना १९२२ पासून इन्शुलिनाने जीवदान मिळू लागले. अवटू ग्रंथीच्या अतिक्रियेतही भूक चांगली असून वजन उतरते. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले व कर्करोगाच्या विशेष उपचारांची सोय झाली. एचआयव्हीचा संसर्ग भारतात १९८६ मध्ये प्रथम आढळला. त्यातही वजनघट हे ठळक लक्षण असते.

निदानाची दिशा प्रथम भुकेच्या चौकशीने ठरते. भूक शाबूत असल्यास मधुमेह, अवटू ग्रंथीचे विकार व अन्नशोषणातील दोष यांचा विचार होतो. भूक मंदावली असल्यास क्षय, कर्करोग, यकृत-वृक्कांचे विकार व विषण्णता यांचा. वृद्धांत दातांच्या तक्रारी, औषधांचे परिणाम व एकाकीपणा हीही कारणे असतात. त्यानंतर रक्त, लघवी, थुंकी व छातीचे क्ष-किरण चित्र तपासतात. सु. एकचतुर्थांश रुग्णांत कारण सापडत नाही. अशांचे वजन काही महिने नियमित नोंदवावे लागते.

खानदेशात या नोंदीचे महत्त्व विशेष आहे. जळगाव शहरात समाविष्ट झालेले पिंप्राळा आणि भोवतालचा कापूस-केळीचा मुलूख येथे उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. शेतात राबणाऱ्याचे अंग उतरले, तर ते उन्हाने, कष्टाने किंवा चिंतेने उतरले असे समजणे सोपे असते. साहस व विषमाशन यांनी शरीर झिजते हे खरेच. पण तेवढ्यावर थांबल्यास क्षय वा मधुमेह मागे दडून राहतो. हे दोन्ही रोग एकाच व्यक्तीतही आढळतात. म्हणून क्षयरुग्णाची रक्तशर्करा तपासतात.

राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला, ताप, रात्रीचा घाम व वजनघट ही संशयाची चार प्रमुख लक्षणे मानली जातात. क्षयरुग्णांना पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रु. व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रु. साहाय्य देण्यात येऊ लागले. झारखंडमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. जंतूच्या शोधानंतर मागे पडलेला वजनकाटा अशा रीतीने निदानात आणि उपचारातही पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे.