जात्यावरील ओवी आणि दुःखाचे प्रकटीकरण : मावळ-मुळशी परिसर

कलाभिव्यक्तीच्या साहाय्याने मानसिक आघातावर उपचार करण्याची पद्धती १९७० च्या दशकात अमेरिकेत अभ्यासविषय म्हणून पुढे आली. वंचित समूहांसाठी ती उपयुक्त ठरते, असे आज मांडले जाते. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यालगतच्या मावळ-मुळशीत मात्र कष्टकरी स्त्रियांनी दुःख बोलून दाखविण्याची स्वतःची रीत कित्येक पिढ्या जपली होती. ती रीत म्हणजे जात्यावरील ओवी.

पहाटे घर झोपेत असताना दोघी जात्याला बसत. एकीने ओवी धरावी, दुसरीने तिला साथ द्यावी. सासुरवास, माहेरची ओढ, लेकराचा मृत्यू, नवऱ्याची मारहाण हे सारे दोन ओळींत येई. यातील सीतेच्या वनवासाच्या ओव्या विशेष लक्षणीय होत. रामाने टाकलेल्या सीतेचे दुःख गाताना गाणारी आपलेच सांगत असे. आणि देवादिकांची कथा म्हटल्यावर घरातल्या कोणालाही तिला गप्प करणे अवघड जाई. व्यथा उघड करणे आणि स्वतःला सुरक्षित ठेवणे ही दोन्ही कामे या योजनेने साधली. आधुनिक उपचारपद्धतीही रूपकाचा उपयोग याच हेतूने करते.

मुळशीच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचे काम चालू असताना हा ठेवा अभ्यासकांपुढे आला. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. दलित स्त्रियांच्या ओव्यांत डॉ. आंबेडकरांचे स्थान मोठे आहे. तेथे सीतेच्या आडोशाची गरज उरत नाही. अपमानाची जाणीव अभिमानाच्या स्वरात व्यक्त होते. ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, ते याच परिसरात आहे, हेही येथे नोंदविले पाहिजे.

त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले; १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. दरम्यान पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या. दळणाचे कष्ट सुटले, याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ज्यांनी दळले त्यांनी तर मुळीच हळहळू नये. पण त्या कष्टांबरोबर दोघींची ती पहाटही गेली. गिरणीपुढच्या रांगेत दुःख सांगता येत नाही, आणि वस्तीतल्या एका खोलीत तर एकान्तही मिळत नाही.

उपचारकेंद्रात ऐकणारा प्रशिक्षित असतो, परंतु तो परका असतो. जात्यापाशी ऐकणारीच्या हाती त्याच खुंट्याचा अर्धा भार असे. अर्थात ओवीने मारहाण थांबत नव्हती. सासर तेच राही, आणि दुसऱ्या पहाटे तीच ओवी पुन्हा म्हणावी लागे. म्हणूनच संघटनेच्या बैठकीत जेव्हा स्त्रिया या ओव्या गाऊ लागल्या आणि त्यांवर बोलूही लागल्या, तेव्हा जात्यापाशी दोघींत राहिलेली गोष्ट पहिल्यांदाच चारचौघींत आली.