टॉलपडलची घरे

किल्ल्यांचा आणि वाड्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. मजुराच्या घरालाही इतिहास असतो. पण तो मजुरांनाच जपावा लागतो, असा आमचा संघटनेच्या कामातील अनुभव आहे. म्हणून इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्याची हकीकत सांगतो.

या गावात एक जुने चर्च आहे. मेथॉडिस्ट पंथाच्या गरीब लोकांनी 1818 साली आपले निराळे, लहानसे प्रार्थनामंदिर बांधले. जॉर्ज लव्हलेस हा शेतमजूर त्या पंथाचा प्रवचनकार. स्वतःच्या हिमतीवर शिकलेला.

मजुरी आठवड्याला 9 शिलिंगांवरून 8 वर आणि मग 7 वर आली. पुढे 6 च मिळतील, असे मालकांनी बजावले. वाजवी मजुरीचा शब्द मालकांनी पूर्वी दिला होता व चर्चचे पाद्री त्याला साक्षी होते; पण वेळ येताच पाद्र्यांनी हात झटकले, असे लव्हलेसने लिहून ठेवले आहे. तेव्हा 1833 मध्ये मजुरांनी थॉमस स्टँडफील्डच्या घरी, माडीवरच्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून एकीची शपथ घेतली.

संघटना करणे 1824 पासून गुन्हा नव्हता. म्हणून सरकारने आरमारातील बंडाच्या वेळचा, 1797 चा, गुप्त शपथांविरुद्धचा कायदा उकरून काढला. मार्च 1834 मध्ये सहा जणांना सात वर्षांची हद्दपारी झाली व त्यांना ऑस्ट्रेलियाकडील वसाहतींत धाडले. लंडनमध्ये कामगारांचा प्रचंड मोर्चा निघाला, अर्ज गेले. शेवटी 1836 मध्ये सरकारला माफी द्यावी लागली. परतल्यावर पाच जण पुढे कॅनडात स्थायिक झाले. जेम्स हॅमेट तेवढा गावी राहिला आणि 1891 साली डॉर्चेस्टरच्या निराधारगृहात वारला.

त्या प्रार्थनामंदिराचे पुढे शेतावरचे कोठार झाले. अलीकडेच त्याची दुरुस्ती झाली. स्टँडफील्डचे घर मात्र उभे राहिले. 1934 साली, शंभर वर्षांनी, ब्रिटिश कामगार संघटनांनी गावात सहा घरे बांधली, प्रत्येकाला एकेका हद्दपाराचे नाव दिले आणि ती वृद्ध शेतमजुरांना राहावयास दिली. जुन्या चर्चच्या आवारात हॅमेटच्या थडग्यावर शिळाही तेव्हाच बसली.

पुतळ्यापेक्षा हे स्मारक आम्हांस मोठे वाटते. कारण निराधारगृहात मेलेल्या माणसाच्या नावाने म्हाताऱ्या मजुरांच्या डोक्यावर छप्पर आले. आमच्या गिरणगावातही चाळींच्या खोल्यांतून संघटना उभ्या राहिल्या. त्या चाळी आज एकामागून एक पडत आहेत. कोणत्या खोलीत कोणती सभा भरली, हे सांगणारी माणसे आहेत तोवर ते लिहून घ्या, एवढीच आमची विनंती आहे.