लाइन (शब्द)

लाइन हा मराठीत रूढ झालेला मूळ इंग्लिश शब्द आहे. रेघ, ओळ, रांग, लोहमार्ग, वीजवाहिनी, वीजपुरवठा, दूरध्वनीची जोडणी, वसाहत आणि व्यवसायाचे क्षेत्र अशा अनेक अर्थांनी तो वापरला जातो. तो लाईन असाही लिहिला जातो. ग्रामीण बोलीत लायन, लैन असे उच्चार ऐकू येतात. या लेखात शब्दाची व्युत्पत्ती आणि त्याच्या अर्थच्छटा दिल्या असून उदाहरणे मुख्यतः परभणी जिल्ह्यातील व्यवहारातून घेतली आहेत.

व्युत्पत्ती

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील लिनुम या शब्दात आहे. लिनुम म्हणजे जवस. जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या तंतूंचा दोरा तो लिनेआ. हा शब्द जुन्या इंग्लिशमध्ये दोर, दोरखंड या अर्थाने आला. पुढे फ्रेंच भाषेतील लिन्य या त्याच कुळातील शब्दाची त्यात भर पडली. ताणलेला दोरा सरळ असतो. म्हणून दोऱ्यावरून सरळ रेघ, रेघेवरून लिखाणाची ओळ, ओळीवरून माणसांची रांग, आणि पुढे मार्ग, वंश व व्यवसाय असा अर्थविस्तार झाला.

लिनन हे कापड आणि कपड्याच्या आतील अस्तर या अर्थाचा लायनिंग हा शब्द याच कुळातील आहे. जवसाचे शास्त्रीय नाव लिनम उसिटाटिसिमम असे असून त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थ ‘अत्यंत उपयुक्त’ असा होतो. युरोपात या पिकाची लागवड तंतूंसाठीही होत आली. मराठवाड्यात मात्र जवस हे रब्बी हंगामातील तेलबियांचे पीक आहे आणि त्याची चटणी घरोघरी परिचित आहे.

मराठीतील समांतर अर्थविस्तार

दोऱ्यावरून मोजमाप आणि शिस्त सुचवण्याची पद्धत मराठीतही स्वतंत्रपणे आढळते. सुतार इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. एकत्र गुंफणाऱ्या नियमाला ‘सूत्र’ म्हणतात. त्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही दोरा असाच आहे. बांधकामावरील गवंडी विटांचा थर सरळ राहावा म्हणून जी दोरी ताणतात, तिला ‘लाइनदोरी’ असे नाव आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या जोडशब्दाची दोन्ही पदे एकाच वस्तूची नावे ठरतात.

अर्थच्छटा

लोहमार्ग : निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. सेलू, मानवत रोड, परभणी आणि पूर्णा ही स्थानके त्याच मार्गावर आहेत. परभणीहून गंगाखेडमार्गे परळीकडे आणि पूर्णेहून हिंगोलीमार्गे अकोल्याकडे फाटे जातात. ‘लाइन ओलांडणे’, ‘लाइनीच्या पलीकडचे शेत’ या प्रयोगांत लाइन म्हणजे रूळ. ‘परळी लाइन’ म्हणताना मात्र त्या मार्गावरील सर्व गावे अभिप्रेत असतात.

वसाहत : इंग्रजी अमलात छावणीतील एका ओळीत बांधलेल्या निवासस्थानांना लाइन म्हणत. पोलीस लाइन, सिव्हिल लाइन ही नावे त्यातून आली. आज घरे ओळीत नसली तरी नाव टिकून आहे.

शाळा : ‘लाइनीत उभे राहणे’, ‘दोन लाइनी सोडून लिहिणे’ हे प्रयोग शालेय आहेत. वह्यांच्या बाबतीत एकरेघी, दुरेघी, चौरेघी हे मराठी शब्द अजून वापरात आहेत.

दूरध्वनी व संगणक : ‘लाइनीवर राहा’, ‘लाइन कट झाली’ हे प्रयोग दूरध्वनीमुळे आले. ‘ऑनलाइन’ हा शब्द संगणकामुळे आला आणि आता तो क्रियापदासारखा चालतो. ‘सातबारा ऑनलाइन काढला’, ‘पीक विमा ऑनलाइन केला’ ही वाक्ये ज्यांनी संगणक हाताळलेला नाही अशा शेतकऱ्यांच्याही तोंडी असतात.

व्यवसाय व वर्तन : ‘मेडिकल लाइन’, ‘सायन्सची लाइन’ म्हणजे शिक्षणाची किंवा उपजीविकेची दिशा. ‘लाइनीवर आणणे’ म्हणजे वळण लावणे. ‘लाइन मारणे’ हा अनौपचारिक प्रयोग असून त्याचा अर्थ प्रेमाने लक्ष वेधण्याचा प्रयत्न करणे असा आहे.

विजेच्या संदर्भातील अर्थ

जिल्ह्याच्या शेतीव्यवहारात या शब्दाचा विजेशी संबंधित अर्थ सर्वांत महत्त्वाचा आहे. कृषिपंपांना तीन फेजचा पुरवठा ठरलेल्या तासांत, आळीपाळीने दिवसा व रात्री दिला जात आला आहे. त्यामुळे ‘लाइन कधी येणार’ या प्रश्नावर ओलिताचे वेळापत्रक ठरते. गहू, हरभरा किंवा ऊस यांना पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला थंडीत, अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत शेतावर जावे लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे कृषिपंपांना दिवसा वीज देणे हाच हेतू आहे.

येथे लाइन या एकाच शब्दाने खांबावरील तार आणि तारेतील प्रवाह अशा दोन गोष्टी सांगितल्या जातात. ‘लाइन तुटली’ यात तार तुटलेली असते. ‘लाइन गेली’ यात तार जागेवर असून फक्त पुरवठा थांबलेला असतो आणि तो पूर्वसूचनेशिवाय परत येऊ शकतो. म्हणून ‘लाइन नाही’ एवढ्या शब्दावर विसंबून तारेला हात लावणे प्राणघातक ठरू शकते. वीज कर्मचारी याच कारणासाठी दुरुस्तीपूर्वी रीतसर परवानगी घेऊन पुरवठा बंद करतात, तो बंद असल्याची खात्री करतात आणि तार जमिनीशी जोडतात. तुटून पडलेली तारही प्रवाहरहित आहे असे समजू नये.

रेल्वेतही अशीच सावधगिरी असते. पुढील स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावाचून गाडी सोडली जात नाही. रूळ दिसतात याचा अर्थ मार्ग मोकळा आहे असा होत नाही.

व्याकरण

मराठीत लाइन हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ओळ, रेघ, रेषा, रांग आणि वीज हे त्याचे अर्थ सांगणारे मराठी शब्दही स्त्रीलिंगीच आहेत. अनेकवचन लाइनी, सामान्यरूप लाइनी- (लाइनीत, लाइनीवर) असे होते. ‘लाइनमन’ हा शब्द मात्र पुल्लिंगी आहे.

मराठी पर्याय

एका इंग्लिश शब्दासाठी मराठीत संदर्भानुसार वेगवेगळे पर्याय आहेत : भूमितीत रेषा, लेखनात ओळ, माणसांसाठी रांग, रेल्वेसाठी लोहमार्ग, विजेसाठी वाहिनी, सीमेसाठी नियंत्रण रेषा. लोहमार्ग पोलीस, उच्चदाब वाहिनी ही नावे शासकीय व्यवहारात स्थिरावली आहेत. महावितरण आपल्या लाइनमनला ‘जनमित्र’ म्हणते; बोलण्यात मात्र लाइनमन हाच शब्द अधिक चालतो. पर्यायी शब्दांचा फायदा नेमकेपणात दिसतो. ‘वाहिनी तुटली आहे’ आणि ‘पुरवठा बंद आहे’ असे वेगवेगळे म्हटल्यास, लाइन या शब्दाने होणारा घोटाळा टळतो.