अर्ध्या उंचीच्या कार्डाची कुळकथा

सिंगापूरच्या रोचोर भागात सिम लिम स्क्वेअर नावाची सहा मजली इमारत आहे. १९८७ पासून कॉम्प्युटरचे सुटे भाग म्हटलं की सिंगापूरकराची पावलं तिकडे वळतात. मुंबईकराची लॅमिंग्टन रोडकडे आणि पुणेकराची तपकीर गल्लीकडे वळतात तशीच. खालच्या मजल्यांवर मोबाइल आणि कॅमेरे, वर चढत गेलं की मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्डं. इथल्या मराठी घरांतून एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. ऑफिसातून निवृत्त झालेला एखादा छोटा डेल किंवा एचपी हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवलेला असतो, मुलांना त्यावर गेम खेळायचे असतात, आणि खर्च बेताचा ठेवायचा असतो. मग त्यात कार्ड कोणतं घालावं?

दुकानदार या प्रश्नाला वेगाचे आकडे सांगतो. मला वाटतं, उत्तर त्या कार्डाच्या कुळात शोधावं. महागड्या कार्डांचा इतिहास वेगाचा आहे. स्वस्त कार्डाचं घराणं मात्र वेगळ्या गरजेतून आलं. घरात यंत्र आहे, ते बदलणं परवडत नाही, पण बनवणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेलं एखादं काम त्या यंत्राने करावं, ही ती गरज.

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी बाजारात आणला तेव्हा पडद्यासाठी दोन कार्डं दिली. एक फक्त अक्षरांचं. त्यावर ८० रकाने आणि २५ ओळी मावत, आणि अक्षरांचे आकार चिपमध्ये कायमचे कोरलेले असत. दुसरं रंगीत, चित्रांसाठी. ३२० बाय २०० ठिपके आणि एका वेळी चार रंग. रोमन लिपीत हिशेब आणि पत्रं लिहिणाऱ्याचं त्यावर भागत होतं. व्हॅन सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्याला मात्र आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. पहिल्या कार्डात थाई अक्षरं नव्हती आणि दुसऱ्याचे ठिपके इतके जाड होते की अक्षराच्या वर-खाली येणाऱ्या खुणा त्यात धड उमटल्या नसत्या. म्हणून त्याने स्वतःचं कार्ड तयार केलं, ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं. १९८२ मध्ये ते हर्क्युलस या नावाने विक्रीला आलं आणि एकरंगी पडद्यासाठी सगळ्या जगाने ते उचललं. घरच्या पीसीत नंतर खोचल्या जाणाऱ्या चित्रकार्डांच्या घराण्यातल्या एका थोर पूर्वजाचा जन्म असा लिपीच्या अडचणीतून झाला.

तीच अडचण आपलीही होती. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरीवर काम सुरू केलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली आणि ते काम तिथे पुढे गेलं. त्यातून आलेलं जिस्ट कार्ड पीसीच्या मोकळ्या खाचेत (स्लॉटमध्ये) बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये मराठी, हिंदी, तमिळ उमटू लागे. जोडाक्षरं कशी जुळवायची ते कार्ड बघत असे, प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसे. प्रोग्रॅम बदलावा लागला नाही, यंत्रही बदलावं लागलं नाही. आज ग्राफिक्स कार्ड म्हटलं की फक्त गेम आठवतात. मला मात्र पुण्याचं हे कार्ड आधी आठवतं, कारण घरच्या यंत्रात भर घालण्याच्या कल्पनेचं इतकं शुद्ध उदाहरण दुसरं सापडत नाही.

आता सिंगापूर. सिम वाँग हू हा न्गी अ‍ॅन पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला अभियंता. १९८१ मध्ये त्याने मित्र न्ग काई वा याच्याबरोबर चायनाटाउनमधल्या पर्ल्स सेंटरमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलं, तीच क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी. १९८६ मध्ये त्यांनी क्युबिक सीटी नावाचा अख्खा कॉम्प्युटर बनवला. त्यात चिनी लिपीची सोय होती, चांगले रंग होते, तो बोलायचा आणि सूरही काढायचा. खप मात्र झाला नाही. मग कंपनी कार्डाकडे वळली. आधी संगीताचं एक कार्ड, मग गेम ब्लास्टर, आणि १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढची सगळी कथा या कार्डात दडलेली आहे. तेव्हा बाजारावर कॅनडाच्या अ‍ॅडलिब कार्डाचा पगडा होता. क्रिएटिव्हने त्याचीच यामाहा चिप आपल्या कार्डावर बसवली, त्यामुळे अ‍ॅडलिबसाठी लिहिलेला प्रत्येक गेम साउंड ब्लास्टरवर चालला. त्यात ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय घातली, म्हणजे गेममधली माणसं खरोखर बोलू लागली. आणि जॉयस्टिकची जोडणी त्याच कार्डावर दिली. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण तेव्हाच्या पीसीत खाचा मोजक्याच असत आणि जॉयस्टिकसाठी वेगळं कार्ड लागे. साउंड ब्लास्टरने गिऱ्हाइकाची एक खाच वाचवली. जुन्याशी जुळतं, नवं काही देतं आणि जागा कमी घेतं, अशा तिहेरी हिशेबावर ते जिंकलं. १९९२ मध्ये क्रिएटिव्ह ही अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंदली गेलेली सिंगापूरची पहिली कंपनी झाली. सिम वाँग हू जानेवारी २०२३ मध्ये गेले. सिंगापूरच्या या मुलाने जगभरच्या पीसींना आवाज दिला, हे वाक्य मी अतिशयोक्ती न करता लिहितो.

याच क्रिएटिव्ह कंपनीला चित्राच्या बाबतीत मात्र खाचेनेच दगा दिला. १९९५ मध्ये तिने थ्रीडी ब्लास्टर काढलं. ब्रिटनच्या थ्रीडीलॅब्ज कंपनीची चिप, आणि बसवायची कुठे, तर ४८६ प्रोसेसरच्या यंत्रांत असणाऱ्या व्हेसा लोकल बस या लांबलचक खाचेत. कल्पना सुरेख होती: तुमचा जुना ४८६ फेकू नका, त्यालाच त्रिमितीय गेम शिकवा. पण पेंटियम आणि पीसीआय खाच तोवर घराघरांत शिरत होती, आणि या कार्डासाठी गेमही खास वेगळे लिहावे लागत. जुन्या गेमशी जुळतं घेणं हाच साउंड ब्लास्टरचा गुण इथे नव्हता. पुढच्याच वर्षी पीसीआयचं थ्रीडी ब्लास्टर आलं, पण १९९६ हे थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या व्हूडू कार्डाचं वर्ष ठरलं. १९९८ मध्ये क्रिएटिव्ह स्वतःच व्हूडू-२ चिपची कार्डं विकत होती. १९९९ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं आणि २००० च्या अखेरीस थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. इथून वेगाची शर्यत सुरू होते. ती पुष्कळांनी लिहिली आहे, मी सोडून देतो.

आवाजाच्या कार्डाचं काय झालं, ते मात्र सांगायला हवं. १९९७ मध्ये इंटेलने मदरबोर्डवरच आवाज देण्याचा नमुना ठरवून दिला आणि हळूहळू वेगळं साउंड कार्ड घेण्याचं कारण उरलं नाही. २००७ च्या सुमारास एएमडीच्या रेडिऑन एचडी मालिकेने चित्रकार्डावरच आवाजाची सोय घातली, म्हणजे एका एचडीएमआय तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीकडे जाऊ लागले. हॉलमधल्या पीसीचा जन्म खऱ्या अर्थाने इथे झाला. सिंगापूरने ज्या आवाजाला वेगळं कार्ड दिलं होतं, तो आवाज आज टीव्हीखालच्या खोक्यात ग्राफिक्स कार्डच वाहून नेतं.

आता आपल्या प्रश्नाचं कार्ड. २००४ पासून वापरात आलेल्या पीसीआय एक्स्प्रेसच्या मोठ्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून जास्त हवी असेल तर एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) वेगळी तार लागते, आणि ऑफिसच्या छोट्या कॅबिनेटमधल्या एसएमपीएसला बहुधा ती तारच नसते. उंचीही अर्धीच मिळते. या दोन अटींत बसणारी कार्डं फार वर्षं फक्त चित्रपट पाहण्यापुरती असत. फेब्रुवारी २०१४ मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय आलं ते ६० वॅटवर चालणारं, तार न लागणारं, आणि तरीही नवे गेम पेलणारं. ऑफिसचा पीसी गेमसाठी वापरण्याची चाल तिथून रुजली. २०१६ मध्ये १०५० टीआय आणि २०१९ मध्ये १६५० हे त्याचेच वंशज. मग क्रिप्टो चलनाच्या खाणकामाने आणि महामारीने कार्डांचा बाजार कोरडा पाडला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने खाणकामाची पद्धत सोडली तेव्हा भाव खाली आले.

२०२२ मधलंच एएमडीचं आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचं कार्ड. एका खाचेइतक्या पातळ रूपात ते मिळतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण ते मदरबोर्डशी चारच मार्गिकांनी (लेननी) बोलतं, आणि जुन्या पीसीत, जिथे पीसीआय एक्स्प्रेसची ३.० ही जुनी पिढी असते, तिथे त्याचा श्वास कोंडतो. शिवाय स्मृती ४ जीबीच. इंटेलचं आर्क ए३८० स्वस्त आहे, पण रिसायझेबल बार ही सोय मदरबोर्डमध्ये नसेल तर त्याचा वेग बराच घटतो. जुन्या ऑफिस पीसीत ती बहुधा नसते. १९९५ च्या थ्रीडी ब्लास्टरची गोष्ट इथे पुन्हा घडते: चिप चांगली, खाच चुकीची.

माझा कौल एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० ला, आणि त्यातही २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या प्रकाराला. ते ७० वॅटवर चालतं, तार लागत नाही, अर्ध्या उंचीत मिळतं, एचडीएमआय २.१ आहे. बाजारात येताना अमेरिकेत त्याची किंमत १६९ डॉलर होती. इथे त्यावर ९ टक्के जीएसटी धरा. मात्र ३०५० याच नावाचं ८ जीबीचं कार्ड वेगळं आहे. ते १३० वॅटचं, तार लागणारं. नाव तेच ठेवून दोन वेगळी कार्डं विकणं हे गिऱ्हाइकावर अन्याय करणारं आहे, आणि नेमका नवखा माणूसच त्यात फसतो. अर्ध्या उंचीचं ६ जीबीचं कार्ड बहुतेक वेळा दोन खाचांइतकं जाड असतं. शेजारची खाच मोकळी नसेल तरच आरएक्स ६४०० कडे वळा.

टीव्हीच्या आकड्यांनी घाबरू नका. फोर-के टीव्हीवर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, म्हणजे १९८१ च्या रंगीत कार्डाच्या जवळपास १३० पट. ते सगळे हे छोटं कार्ड स्वतः रंगवू शकणार नाही. पण एनव्हिडियाची डीएलएसएस आणि एएमडीची एफएसआर या पद्धती कमी ठिपक्यांचं चित्र रंगवून घेऊन ते मोठं करतात, आणि सोफ्यावरून पाहताना फरक फारसा खुपत नाही. एफएसआरच्या बहुतेक आवृत्त्या तर दुसऱ्या कंपनीच्या कार्डावरही चालतात. १०८० पी वर गेम ठेवा, बाकी या पद्धतींवर सोडा.

सिंगापूरच्या घरांसाठी आणखी एक. इथे बारा महिने दुपारी साधारण ३० अंशांच्या पुढचा उकाडा असतो, आणि एचडीबी या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या फ्लॅटमध्ये पीसी बहुधा टीव्हीखालच्या बंद कपाटात जातो. तिथे कुठलंही कार्ड तापतं, पंखा ओरडतो, वेग उतरतो. कपाटाची मागची फळी काढा किंवा पीसी बाहेर ठेवा.

दुकानात जाण्यापूर्वी कॅबिनेट उघडा. खाचेची उंची आणि शेजारची मोकळी जागा पट्टीने मोजा, एसएमपीएसवरचा वॅटचा आकडा वाचा, मदरबोर्डचं मॉडेल लिहून घ्या आणि एक फोटो काढा. सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याला कार्ड चालू करून दाखवायला सांगा. तो कागद आणि फोटो घेऊन मगच सिम लिमच्या वरच्या मजल्यावर जा.