दोन काचांमधला द्रव आणि क्लचची ओढ

रायपूरच्या गोल बाजारात संध्याकाळच्या गर्दीत दुचाकी चालते ती क्लचच्या भरवशावर. पहिला गिअर, लिव्हर दाबलेली आणि पुढे माणसेच माणसे. अशा वेळी लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत असेल आणि न्यूट्रल सापडत नसेल, तर तो ‘क्लच ड्रॅग’, म्हणजे सोडूनही न सुटणारा क्लच. बाजारात याचा धोका पादचाऱ्याला. डर्ट बाइकच्या शर्यतीत हाच दोष आरंभरेषेवर गाडी पुढे ढकलतो किंवा इंजिन बंद पाडतो. दोन्हीकडे यंत्रणा सहसा एकच असते: तेलात भिजलेल्या अनेक चकत्यांचा क्लच.

अशा क्लचचे एक आरंभीचे यशस्वी रूप विसाव्या शतकाच्या प्रारंभी हेन्री सेल्बी हेले-शॉ (१८५४–१९४१) या ब्रिटिश अभियंत्याने घडवले. भौतिकीच्या विद्यार्थ्यांना हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. लिव्हरपूल येथे प्राध्यापक असताना, १८९८ च्या सुमारास, त्याने दोन काचांमधल्या अरुंद फटीतून द्रव वाहवून प्रवाहरेषा डोळ्यांना दिसतील अशा करून दाखवल्या. त्यामागचे गणित स्टोक्सने त्याच वर्षी मांडले. हा ‘हेले-शॉ कोश’ द्रवगतिकीच्या पुस्तकांत गेला आणि क्लच मोटारींच्या इतिहासात. भौतिकी मात्र दोन्हींची एकच: जवळजवळ ठेवलेले दोन पृष्ठभाग आणि त्यांच्यामधला श्यान द्रव.

आता आकडे पाहू. आठ घर्षण-चकत्यांच्या क्लचमध्ये सोळा फटी असतात. दाब देणारी चकती सुमारे १.६ मिलिमीटर मागे सरकली, तर प्रत्येक फटीच्या वाट्याला जेमतेम ०.१ मिलिमीटर येतो. फटीतले तेल फिरत्या चकतीची गती शेजारच्या चकतीला देते. ही ओढ श्यानतेच्या समप्रमाणात आणि फटीच्या व्यस्त प्रमाणात असते.

चकत्या एकमेकींपासून अलग करणे त्याहून कठीण. १८७४ मध्ये व्हिएन्नात योसेफ स्टेफानने द्रवात बुडालेल्या दोन सपाट चकत्या वेगळ्या करण्याचा अभ्यास केला. त्याच्या नियमानुसार एकाच वेगाने अलग करायचे, तर विरोध फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. फट निम्मी, तर विरोध आठपट. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत स्प्रिंगांच्या दाबाने तेलाचा पापुद्रा अतिशय पातळ होतो. म्हणून पहिल्याच गिअरला ती झटका देते.

निदानाची किल्ली यातच आहे. तापमान वाढले की तेलाची श्यानता झपाट्याने घटते. वाकलेली चकती मात्र सरळ होत नाही. म्हणून पहिली चाचणी थंड इंजिनावर आणि तीच चाचणी इंजिन पूर्ण तापल्यावर करावी. मागचे चाक स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, गिअर टाकून, लिव्हर दाबून चाक हाताने फिरवावे. थंडपणी जड आणि तापल्यावर हलके फिरले, तर संशय तेलावर: त्याचा ग्रेड उत्पादकाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. तापल्यावरही ओढ तशीच राहिली, तर फटच पुरेशी उघडत नाही.

त्यानंतर तपासाचा क्रम बाहेरून आत. आधी लिव्हरचा मोकळा खेळ आणि केबल; हायड्रॉलिक क्लच असेल, तर नळीत शिरलेली हवा. हे ठीक निघाले तरच झाकण उघडावे. पोलादी चकती सपाट काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेज सरकवले की तिचा बाक कळतो. बाहेरच्या हाऊसिंगच्या बोटांवर चकत्यांनी खाचा पाडल्या असतील, तर चकत्या तिथे अडकतात आणि नवे तेल घालूनही गुण येत नाही.

बरेचदा मात्र थंड-गरम ही तुलना न करताच क्लच प्लेट बदलल्या जातात. पैसे जातात, ओढ राहते. एका वेळी एकच राशी बदलून पाहणे ही प्रयोगशाळेची शिस्त. इथे ती राशी तापमान आहे आणि ती बदलायला दहा मिनिटांच्या फेरफटक्याखेरीज काहीही लागत नाही.